मावसभावाचे बूट, कोलोरॅडोचा डोंगर आणि वेताळवाडीचा घसारा

माझा एक मावसभाऊ अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला असतो. मूळ बीडकडचा, शिकला संभाजीनगरला, आता तिकडं घरबिर घेऊन बसलाय. जूनमध्ये त्याचा फोन आला, "दादा, ऑक्टोबरला एल्कच्या शिकारीला जायलोय, बूट कोणते घेऊ सांग." म्हणलं अरे येड्या, मावशी माळकरी आणि तू शिकारीला? तर म्हणला बंदूक माझ्या हातात नाही, लायसन माझं नाही, शेजारच्याला परवाना मिळालाय आणि त्याला मांस खाली आणायला जास्तीचे खांदे पाहिजेत, मी नुसता हमाल. आणि आईला सांगू नको.

मावशी ब्लॉग वाचत नाही म्हणून बिनधास्त लिहायलोय.

एक गोष्ट आधीच क्लिअर करतो नाहीतर कमेंटमध्ये भांडणं लागतील. आपल्याकडं शिकार बंद आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं, आणि ते बरंच झालं. गौताळा औट्रम घाट १९८६ पासून अभयारण्य आहे, तिथं काय शिल्लक राहिलंय ते त्यामुळंच. तिकडं कोलोरॅडोत मात्र सरकार स्वतः परवाने देतं, १९४९ च्या १ जानेवारीला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला आधी शिकारीचा कोर्स करावा लागतो, रायफलच्या सीझनमध्ये अंगावर ठरलेल्या मापाचा भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा घालावा लागतो, आणि खाण्याजोगं मांस रानात टाकून आलात तर गुन्हा दाखल होतो. हा शेवटचा नियम बुटासाठी महत्त्वाचा आहे. कसा ते सांगतो.

एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातलं थोराड हरीण, मोठा नर ३०० किलोच्या वर जातो. तो पडतो कुठं, तर गाडीरस्त्यापासून लांब, २५००-३००० मीटर उंचीवर, वाट नसलेल्या उतारावर. (आपलं कळसूबाई १६४६ मीटर.) मग तिथंच त्याचे भाग करायचे आणि पाठीवर मारून खाली आणायचे. एक मागचा पाय हाडासकट २५-३० किलो भरतो. म्हणजे जाताना माणूस हलका जातो, ताजा असतो, आणि येताना दमलेला, अंधार पडायलेला, पाठीवर अर्धं पोतं, आणि सगळा उतार. बुटाची खरी परीक्षा तिथं. ट्रेकिंगचा साधा शूज बनवणारा हिशेब करतो की माणूस मळलेल्या वाटेनं जाईल, पाठीवर आठ-दहा किलो असेल. डोंगरातल्या शिकारीचा बूट बनवणारा असं धरून चालतो की वाट नाही, ओझं आहे, आणि उतार आडवा कापत जायचाय. हा फरक एकदा डोक्यात बसला की मग दुकानातले निम्मे बूट आपोआप बाद होतात.

आणि हे आपल्याला का माहिती पाहिजे, तर अजिंठ्याच्या रांगेत आपण तरी दुसरं काय करतो. अंतूरचा किल्ला म्हणा, सुतोंड्याचा म्हणा, जंजाळ्यावरून घटोत्कच लेणीकडं जाणं म्हणा, थोडी वाट असते, मग गुरांची वाट लागते, ती तीन फाट्यांत फुटते आणि संपते, मग कुसळाच्या गवतातून आडवं चालायचं, पायाखाली मुरूम आणि सुटे दगड. फॉरेस्टचे लोक तर रोज हेच करतात, आणि पायात काय असतं बघा एकदा.

आता मुद्द्यावर येतो. दुकानात गेलं की पोरगं पहिलं वाक्य फेकतं, "सर हाय अँकल घ्या, सपोर्ट मिळतो." मावसभावाला तिकडच्या दुकानातपण हेच ऐकवलं, फक्त इंग्रजीत. बूट जेवढा उंच तेवढा घोटा सुरक्षित, असं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. १९९३ साली अमेरिकेत सहाशेच्या वर कॉलेजमधल्या बास्केटबॉल खेळणाऱ्यांवर एक अभ्यास झाला होता, काहींना उंच शूज दिले, काहींना कमी उंचीचे, आणि घोटा मुरगळण्यात म्हणावा असा फरक सापडला नाही. आता बास्केटबॉलचं कोर्ट म्हणजे डोंगर नाही हे मलापण कळतं, त्यामुळं तो अभ्यास जसाच्या तसा लावू नये. पण एवढं तरी कळतं की नुसती उंची घोटा वाचवत नाही. मऊ कापडाचा आठ इंच उंच बूट घातला आणि खाली सोल लिबलिबीत असला तर ती उंची फक्त मोजा झाकायला.

मला विचाराल तर सपोर्ट खालून येतो. सोलमधून. बघा, उतारावर आडवं चाललो की पाय सपाट पडतच नाही, बुटाची डोंगराकडची कड तेवढी टेकते. सोल कडक असला तर ती कड मातीत रुतते, आणि बाकीचा बूट तिच्या आधारावर आडवा राहतो, पाय सरळ राहतो. सोल मऊ असला की तो उताराप्रमाणं वाकतो, पाय बुटाच्या आतल्या आत दरीकडं घरंगळतो, आणि तोल सांभाळायचं सगळं काम घोट्याच्या बारक्या स्नायूंवर येतं. तासभर ते करतात बिचारे. चार तासांनी पाठीवर वजन असताना दमतात, मग एक दगड हलतो आणि घोटा जातो. म्हणजे मुरगळला त्या क्षणाचं कारण दगड दिसतं, पण कारण सकाळपासून चालू असतं.

हा कडकपणा येतो कशातनं तर सोलच्या आत एक पट्टी असते, शँक म्हणतात, पूर्वी स्टीलची असायची, आता जास्त करून नायलॉनची किंवा तसल्याच कडक प्लॅस्टिकची. जर्मन कंपन्यांनी यासाठी ए, बी, सी, डी अशी वर्गवारी केलेली आहे, ए म्हणजे बागेत फिरायला, बी म्हणजे साध्या डोंगरवाटा, बी-सी म्हणजे वाट खराब आणि ओझं जड, सी म्हणजे उंच पर्वत आणि बर्फासाठी क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लोखंडी काटे) लावायची सोय, डी म्हणजे सरळ बर्फाची भिंत चढणारे. एल्कच्या हमालीसाठी बी-सी. सी घेऊन लोक फसतात, म्हणजे बूट भारी असतो पण गाडीरस्त्यावर चालायला लागला की जीव खातो, सोल वाकत नाही त्यामुळं प्रत्येक पावलाला टाच आतून वर उचलली जाते आणि फोड येतो. म्हणून कडक बुटाचा पंजा पुढून जरा वर उचललेला असावा लागतो, म्हणजे पाय वाकायच्या ऐवजी पुढं लोळतो.

दुकानात हे तपासायला मशीन लागत नाही. बूट दोन्ही हातांत धरायचा, एक हात टाचेला, एक पंजाला, आणि पिळायचा. व्हिडिओ कॉलवर मावसभावानं मॉलमधला एक नावाजलेला हायकिंग शूज पिळून दाखवला, टॉवेल पिळल्यासारखा पिळला गेला. म्हणलं ठेव खाली. मग पंजा जमिनीवर दाबून बघायचा कुठं वाकतो, बोटांच्या मुळाशी वाकला तर बरोबर, मधेच वाकला तर बाद. आणि तिसरं, पायरीच्या कडेवर बुटाचा पुढचा एक तृतीयांश भाग ठेवून उभं राहायचं, टाच हवेत. पोटरीला लगेच ओढ बसायला लागली तर चढावर दिवसभर तेच होणार.

पण खरं सांगू का, हे सगळं बरोबर असून बूट पायाला बसत नसला तर फुकट आहे. फिटिंगवर मी त्याचं डोकं लई खाल्लं. आपल्या लोकांचे पंजे रुंद असतात. लहानपण चपलेत आणि अनवाणी गेलेलं असतं, २००९ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांचा दक्षिण भारतातल्या अनवाणी चालणाऱ्यांवरचा अभ्यास आला होता, त्यांचे पाय बूट वापरणाऱ्यांपेक्षा रुंद निघाले आणि चालताना दाबपण तळव्यावर जास्त समान विभागला जात होता. मग हा रुंद पंजा निमुळत्या युरोपियन बुटात कोंबला की करंगळी आधी बोंबलते. आणि आपण काय करतो, रुंदी मिळंना म्हणून एक नंबर मोठा घेतो, मग पंजा सुखात पण टाच आत नाचायला लागते. अमेरिकेत बुटाला नंबराबरोबर रुंदीपण वेगळी मिळते, पुरुषांत डी म्हणजे नॉर्मल, डबल ई म्हणजे रुंद. त्याला डबल ई घ्यायला लावला. आपल्याकडं ही सोय फार कमी ठिकाणी आहे, म्हणून दोन-चार कंपन्यांचे घालून बघण्याला पर्याय नाही. नंबरातपण गोंधळ असतो, आपल्याकडं यूकेचा नंबर चालतो, अमेरिकेचा साधारण एकनं जास्त येतो, ऑनलाइन मागवणाऱ्यांनी सेंटिमीटर बघावं आणि विषय संपवावा.

बूट बघायला संध्याकाळी जायचं. दिवसभरात पाय सुजतो, आणि डोंगरात तर अजून सुजतो. जे मोजे घालून चालणार तेच घालून जायचं, दुकानातला तो पातळ पिशवीसारखा मोजा नाही. आतली गादी काढून तिच्यावर उभं राहायचं, बोटांच्या पुढं एक-दीड सेंटिमीटर जागा पाहिजे. मग बूट घालून, लेस आवळून, उतरत्या फळीवर उभं राहून पंजा पुढं आपटायचा. बोटं बुटाच्या नाकाला लागली की नाही घ्यायचा, कितीपण डिस्काउंट असू दे. दुकानात फळी नसली तर जिना असतोच, पण जिना उतरायचा, चढून काही कळत नाही. चढताना कुठलापण बूट चांगला वाटतो. नखं काळी होतात ती उतरताना.

तर त्यानं दोन-तीन जोड्या मागवल्या, घरात गालिच्यावर चालून बघितल्या, बाकीच्या परत पाठवल्या आणि एक ठेवली. आठ इंच उंची, जाड चामडं, खालून चौफेर रबराची पट्टी, कमरेएवढ्या दगडांच्या पसाऱ्यातून जाताना चामडं घासून फाटू नये म्हणून. जोडीचं वजन पावणेदोन किलोच्या आसपास. हे वजन थोडं नाही हां. लष्करी अभ्यासांत असं निघालंय की पायावरचं एक किलो ओढायला पाठीवरच्या एक किलोच्या चार ते सहा पट ताकद जाते. म्हणजे बूट अर्ध्या किलोनं उगाच जड घेतला तर सॅकमध्ये दोन-तीन किलोचा दगड टाकून निघाल्यासारखा हिशेब. म्हणून दहा इंची बुटाला मी नको म्हणलं.

थंडीसाठी आत भरण असलेले बूट असतात, डब्यावर २००, ४००, ८०० ग्रॅम लिहिलेलं असतं. त्याला वाटलं ते बुटाचं वजन. ते त्या भरणाच्या एका चौरस मीटरचं वजन असतं, म्हणजे आकडा मोठा तेवढा बूट गरम. ८०० वाला बूट झाडाखाली तासन्‌तास न हलता बसणाऱ्याला ठीक. चालणाऱ्याला नको, चढावर पाय घामेजतो, मग थांबला की तोच घाम गार पडतो. ऑक्टोबरच्या मध्याला, चालायचं काम, म्हणून भरण नसलेला घेतला आणि मोजे लोकरीचे, जाडजूड, जास्तीचा जोड सॅकमध्ये.

गोअर-टेक्सचं, म्हणजे पाणी आत येऊ न देणाऱ्या बुटातल्या पातळ पडद्याचं पण थोडक्यात. बॉब गोअरनं तो पदार्थ १९६९ मध्ये ताणून बघताना शोधला, १९७६ पासून कपड्यांत यायला लागला. बर्फ आणि दवाच्या गवतासाठी मस्त. कोलोरॅडोत पाहिजेच. पण आपल्या एप्रिल-मेमध्ये असला बूट घालून फिरलात तर घाम बाहेर जायच्या आधी तुम्हीच जाल. आणि पावसाळ्यात ओढा ओलांडताना पाणी वरून आत शिरलं की ते तिथंच मुक्कामाला राहतं, दोन दिवस वाळत नाही. माझं मत, मराठवाड्यात डोंगरासाठी वॉटरप्रूफला जास्तीचे पैसे मोजू नका, ते पैसे सोलवर घाला.

आता खरी मजा. पोळ्याला तो गावी आला, बूट घेऊनच. काकांनी बूट हातात घेतला, उलटासुलटा केला, किंमत विचारली. चारशे डॉलर म्हणल्यावर रुपयात सांग म्हणले. सांगितल्यावर म्हणले, "ह्यात गोऱ्हा आला असता." मग मावशीनं विचारलं एवढे जड कशाला, तर हा म्हणला तिकडं बर्फ पडतो आई. खोटं नाही, पण खरंपण नाही.

चामड्याचा बूट नवा असताना पायाला ओळख द्यायला वेळ लागतो आणि शॉर्टकट नाही. लोक काय काय करतात, पाण्यात भिजवून घालतात, उन्हात ठेवतात, हेअर ड्रायर मारतात. चामडं खराब, चिकटवलेला सोल सुटतो. आधी घरात, मग शेतात, मग ओझ्यासकट थोडं, मग जास्त. शेताच्या बांधावरून त्यानं चांगली ओढाताण केली बुटाची, काळ्या मातीत प्रत्येक पायाला दोन-दोन किलोचा गोळा. मग आम्ही वेताळवाडीच्या किल्ल्याला गेलो. सिल्लोडवरून हळदा, मग घाट, अजिंठ्याची रांग तिथं सोयगावच्या बाजूला तुटून खाली उतरते, आणि किल्ला त्या तुटीवरच बसवलाय. एका बाजूला तटबंदी, एका बाजूला खाली खानदेशाकडं उतरत जाणारं हिरवंगार रान. श्रावणात तिथं गेला नसाल तर मराठवाडा कोरडा म्हणायच्या आधी एकदा जाऊन या.

एल्कचा मागचा पाय काही आपल्याकडं मिळणार नाही, म्हणून दोन्ही सॅकमध्ये ज्वारी भरली. प्रत्येकी वीस किलो. गावातले एक बाबा बघतच राहिले, म्हणले, "पोरांनो, गडावर भंडारा हाय का काय?" म्हणलं नाही बाबा, प्रॅक्टिस करायलोत. "कशाची?" ह्याचं उत्तर काय द्यावं आम्हाला कळंना.

चढताना काहीच नाही, दोघंपण फास्ट. किल्ल्याखाली तटाच्या कडेनं मुद्दाम आडवं गेलो, गवतातून, तिथं खाली मुरूम सुटतो, त्यालाच घसारा म्हणायचं. माझ्या पायात कमी उंचीचे मऊ ट्रेकिंग शूज, त्याच्या पायात ते. एक फरक लगेच दिसला, तो कड रोवून उभा राहू शकत होता, थांबून पाणी पीत होता, आणि मी थांबलो की सरकायलो. माझ्या पोटऱ्या आणि घोट्याची बाहेरची बाजू अर्ध्या तासात बोलायला लागली. दुसरं म्हणजे कुसळ. माझ्या शूजच्या जाळीत कुसळं अशी घुसली की मोज्यापर्यंत आणि मोज्यातून कातडीपर्यंत, चामड्याच्या बुटात एक पण नाही. बाभळीचा काटा तर मऊ फोमच्या सोलमधून सरळ वर येतो हे इकडं कुणाला सांगायला नको. त्या भागात दगडाखाली फुरसं असतं, त्या हिशेबानंपण घोट्यावर जाड चामडं बरं वाटतं, पण बूट आहे म्हणून गवतात कुठंपण पाय घालू नये, हात तर नाहीच नाही.

उतरायच्या आधी त्याला थांबवून लेस परत बांधायला लावली. ही गोष्ट फुकट आहे आणि निम्मे लोक करत नाहीत. चढताना घोट्यावरची लेस जरा सैल ठेवायची म्हणजे पाय पुढं वाकतो. उतरायच्या आधी टाच जमिनीवर आपटून मागं बसवायची, पावलाच्या वाकणापाशी लेसला दोन वेढे देऊन गाठ आवळायची, म्हणजे खालची लेस सैल पडत नाही आणि पाय पुढं सरकत नाही, मग वर बांधायचं. बोटं वाचतात. त्याची बोटं वाचली. उजव्या टाचेला मात्र गरम वाटायला लागलं, तिथंच बूट काढून टेप लावली, फोड यायच्या आधी. गरम वाटलं की थांबायचं, पुढच्या वळणावर बघू म्हणलं की फोड पक्का.

पण सगळं कौतुकच नाही. खाली ओढ्याजवळ शेवाळलेला कातळ होता, तिथं त्याचे चारशे डॉलर सपशेल आडवे. मी आपला चालत गेलो. कारण उघड आहे, त्या बुटाचं रबर टणक आणि खाचा खोल, माती, बर्फ, गवत यात रुतायला बनवलेलं. ओल्या गुळगुळीत बेसाल्टवर रुतायला काही नसतं, तिथं मऊ चिकट रबर आणि जास्त टेकणारा पृष्ठभाग लागतो. सह्याद्रीतले जुने ट्रेकर अ‍ॅक्शन ट्रेकिंगची शपथ खातात ती ह्यामुळंच. शूज स्वस्त, दिसायला काही नाही, पण कातळावर पकड. तीस किलो घेऊन आडव्या घसाऱ्यावर मात्र मी ते घालणार नाही.

सोलवरून आठवलं, ते पिवळं अष्टकोनी व्हिब्रम लिहिलेलं असतं ना, ते नाव विताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाच्या नावावरून आलंय. १९३५ मध्ये आल्प्समध्ये त्याचे सहा साथीदार मेले, पायात त्यांच्या चढाईसाठीचे हलके जोडे होते, थंडीत आणि बर्फात ते कामाचे नव्हते. त्यानंतर त्यानं पिरेल्ली या टायर कंपनीच्या मदतीनं रबराचा खाचांचा सोल बनवला, १९३७ मध्ये. त्याआधी डोंगरी बुटाला खिळे ठोकायचे. १९५४ ला इटालियन लोक के-टू शिखरावर पहिल्यांदा पोचले तेव्हा पायात हेच सोल होते.

आता एक गोष्ट जी कुणी सांगत नाही आणि जिच्यात लोकांचे पैसे बुडतात. सोलच्या वर जो मऊ थर असतो तो बऱ्याच बुटांत पॉलीयुरेथेनचा असतो. तो हवेतल्या ओलाव्यानं आतून सडतो. बूट वापरा नाहीतर डब्यात ठेवा, काही वर्षांनी तो भुगा होतो, उलट न वापरलेल्याचा लवकर होतो. ओळखीत एकानं महागडे बूट "हिमालयाला जाताना काढू" म्हणून कपाटात जपून ठेवले होते, काढले तेव्हा वरून नवेकोरे, आणि पहिल्याच चढावर सोल गळून पडला. त्यामुळं सेलमध्ये जुना स्टॉक मिळाला की खूश होऊ नका, आत जिभेवरच्या लेबलवर बऱ्याचदा तयार झाल्याची तारीख असते, ती बघा. चार-पाच वर्षं जुना असला तर सोडा. जुने बूट घरात असतील तर ट्रेकच्या आधी अंगठ्यानं तो थर दाबून बघा, भेगा दिसल्या किंवा खडू झडल्यासारखं झडलं तर बदला. सोल बदलून मिळतो का हे पण घेतानाच विचारायचं.

मग आपल्याकडं कोणते घ्यावे, असं मेसेजमध्ये विचारणारे असतात म्हणून सांगतो. देवगिरी, म्हैसमाळ, पितळखोरं असल्या पायऱ्यांच्या आणि मळलेल्या वाटांना साधा चांगल्या पकडीचा शूज पुरे, तिथं चामड्याचे बूट घालून येणाऱ्याकडं लोक बघतात आणि बरोबर बघतात. अंतूर, सुतोंडा, जंजाळा, पावसाळ्यानंतर, मुक्कामाच्या सामानासकट, तर बी वर्गातला, घोट्यापर्यंतचा, पिळून न पिळणारा, जाळी कमी असलेला. जाळी असली तर वरून गेटर, म्हणजे बुटाच्या तोंडावर आणि पोटरीवर चढवायचं कापडी आवरण, लावा, जुन्या पँटच्या पायाला इलॅस्टिक शिवून घेतलं तरी कुसळ थांबतं, शंभर रुपयात काम. वन विभागात किंवा सर्व्हेच्या कामाला रोज डोंगरात जाणाऱ्यांनी मात्र खर्च करावा, आणि हाफिसनं दिलेला बूट एक नंबर लहान असला तरी "सैल होईल हळूहळू" म्हणून घालू नये. लांबीत बूट सैल होत नाही. रुंदीत थोडा होतो, बस.

मावसभाऊ परत जायच्या आदल्या दिवशी गच्चीवर बसून जुन्या टूथब्रशनं बूट घासत होता. परदेशात जाताना बुटाला शेतातली माती, बी-बियाणं चिकटलेलं चालत नाही, अमेरिकेत उतरल्यावर शेतात जाऊन आलात का, माती आहे का ते सांगावं लागतं, न्यूझीलंडला तर याहून कडक. सोलच्या खाचेतली काळी माती वाळल्यावर ब्रशनं निघत नाही, आधी ओली करा, दाभणानं उकरा, मग धुवा. आतली गादी आणि लेस काढून वेगळी, कुसळं लेसच्या विणीत बसतात. मग आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवायचं, बोळे ओले झाले की बदलायचे. आणि पूर्ण वाळल्याशिवाय प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बॅगेत टाकू नका, वरून कोरडा दिसला तरी जिभेच्या पाठीमागं हात घालून बघा, तिथं सगळ्यात शेवटी वाळतं.